टेकडीच्या पाठीमागची झाडं

आमच्या गावाच्या टेकडीवर आज जी झाडं उभी आहेत, त्यातली पुढच्या बाजूची दुसऱ्यांदा लावलेली आहेत आणि पाठीमागची पहिल्यांदाच लावलेली. कोणी पाहुणे आले की मी त्यांना आधी पाठीमागे नेते. सावली तिकडे जास्त आहे हे एक कारण, आणि मला त्या झाडांची गोष्ट सांगायची असते हे दुसरं. गोष्टीत माझी पुरती शोभा झालेली आहे. पण चूक खोडून टाकायची नसते, तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर उत्तर लिहायचं असतं, असं तीस वर्षं मुलांना सांगितल्यावर आता मागे सरता येत नाही.

माझं माहेर आष्ट्याजवळचं. जैन शेतकऱ्याचं घर. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, पाणी गाळून प्यायचं, आणि अंगणात मुंग्यांची रांग दिसली तर तिला वळसा घालून जायचं. वडिलांना सगळे आण्णा म्हणत. ऊस तुटून गेला की आसपासच्या शिवारात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटायचं आणि आठ-दहा दिवस वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी येऊन बसायची. आमच्या रानात मात्र कधी काडी ओढली गेली नाही. लोक बांधावर उभे राहून विचारायचे, आण्णा, पाचटाच्या गाद्या भरणार काय. आण्णा एवढंच म्हणायचे, "त्यात जीव हायती." लहानपणी मला त्या उत्तराचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, पण आता तो अर्धाच आहे, आणि का ते पुढे येईल.

लग्न झालं आणि मी साताऱ्याच्या पूर्वेकडे आले. फलटणचे पाट मागे पडले की हिरवं संपतं आणि माळ सुरू होतो. यजमानांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, मला शाळेत नोकरी मिळाली. गावाच्या उशाला ही टेकडी. तिच्यावर चार बोरी, दोन हिवराची झाडं, आणि बाकी नुसतं गवत. उसाच्या मुलुखातून आलेल्या बाईला ती उघडीबोडकी दिसली. गाव तिला कुरण म्हणायचं, मी मात्र पहिल्या दिवसापासून तिला ओसाड म्हटलं. श्रावणात ते गवत कमरेला लागतं, त्यातून चंडोल सरळ वर उडत जातो आणि गात गात खाली येतो, हे सगळं मी वर्गाच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं. तरी माझ्या डोक्यातला शब्द काही बदलला नाही.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी पुण्याकडची एक संस्था गावात आली. त्यांनी ग्रामसभेत पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं की झाडं हवेतला कार्बन घेतात आणि लाकडात साठवतात. कुठल्यातरी लांबच्या कारखान्याला आपल्या धुराची भरपाई करायची आहे, तर त्यानं आमच्या टेकडीवरची झाडं पोसायची. गावाला खड्ड्यांची मजुरी, रोपं, दोन पाण्याच्या टाक्या. अट एकच, पाच वर्षं टेकडीवर चराई बंद. मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक मेंढपाळ तेव्हा म्हणाला, "म्हंजी धूर त्यांचा आन उपास आमच्या मेंढरांचा." सगळे हसले. मीही हसले, आणि कुरणातल्या प्रत्येक झाडाची काळजी घ्यायला जी समिती नेमली तिची अध्यक्ष झाले. यजमान म्हणाले, तू निवृत्त झालीस, पण गावाची काही तुझ्यापासून सुटका झाली नाही.

तो मेंढपाळ माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता, पुढे मेंढरांमागे गेला. माझ्या वर्गात एक शिस्त होती: ज्याला प्रश्न विचारला त्यानं उभं राहायचं आणि बाई 'बस' म्हणेपर्यंत बसायचं नाही. एकदा त्याला उभं केलं आणि तेवढ्यात हेडमास्तरांनी मला कसल्यातरी याद्या भरायला बोलावून घेतलं. परत आले तर शाळा सुटायची वेळ झालेली आणि हा पोरगा तसाच उभा. का बसला नाहीस विचारलं तर म्हणाला, तुम्ही म्हणाला न्हाईसा. ही आठवण मी पुढे पुष्कळ वेळा कौतुकानं सांगितली. त्याचे पाय किती दुखले असतील हे मात्र मी त्याला कधी विचारलं नाही.

आता तो चाळिशी ओलांडलेला बाप्या झाला होता. घरी एकटी म्हातारी आई. तिचे गुडघे गेलेले, डोळ्यांनी अंधुक दिसायचं, त्यामुळे कळपाबरोबर चालणं बंद झालेलं. तो, त्याची बायको आणि मेंढरं पावसाच्या सुरुवातीला गावी यायची आणि दिवाळी करून खाली सांगलीकडे उसाच्या मुलुखात उतरायची. गावात किती दिवस राहायचं हे टेकडीवरचं गवत ठरवायचं. गवत आहे तोवर म्हातारीला मुलगा. ते संपलं की तिला शेजारणीच्या हातची भाकरी आणि फोनवरचा आवाज.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात घेणं यात फरक असतो, एवढंच म्हणेन.

आम्ही टेकडी लावली. कडुलिंब, करंज, सीताफळ, चिंच, हिवर. गावातल्या बायांना उन्हाळाभर खड्ड्यांचं काम मिळालं, आणि कामासाठी इचलकरंजीला जायला निघालेल्या दोन कुटुंबांनी बांधलेली गाठोडी सोडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रत्येक रोपाचा मोबाइलवर फोटो काढायचा, जागेसकट. ती झाडं मला हजेरीपटावरच्या मुलांसारखी झाली होती. सकाळी फेरी, संध्याकाळी फेरी. एखादं वाळलं तर माझं जेवणात लक्ष लागायचं नाही.

पहिल्या वर्षी दिवाळी सरली तेव्हा गावातले एक म्हातारे गुराखी काठी टेकत माझ्याकडे आले. दरवर्षी याच सुमाराला ते चार माणसं घेऊन टेकडीच्या पायथ्याला गवताचा एक पट्टा जाळायचे, सकाळी दव असताना, ओली पोती हाताशी ठेवून. जाळपट्टा म्हणतात त्याला. उन्हाळ्यात खालून आग आली तर त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबते. ते मला विचारायला आले होते, कारण आता टेकडी बाईंची होती. मी ठाम नाही म्हटलं. गवतात किती किडे, किती मुंग्या, चंडोलाची घरटी, सगळं जिवंत जळणार. मी त्यांना आण्णांच्या पाचटाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बाई, ही आग आग आडवायला असती." मी ऐकलं नाही. मग ते म्हणाले, तुमी म्हनताय तर ऱ्हाऊ द्या, आणि गेले. पुढच्या दोन्ही वर्षी त्यांनी विचारलंसुद्धा नाही. गावानं माझा मान राखला, आणि मान राखण्यापायी माझी चूक तीन वर्षं सांभाळली.

पहिली दोन वर्षं मेंढपाळानं बंदी पाळली. बांधाबांधानं चारून जेवढे दिवस निघाले तेवढे काढले आणि नवरात्रातच वाट धरली. तिसऱ्या वर्षी आश्विनात मी टेकडीच्या पाठीमागे फेरीला गेले, तर एका खड्ड्यात ताज्या लेंड्या. पुढच्या खड्ड्यात आणखी. गवत पार मुळाशी कापल्यासारखं खाल्लेलं. माझं पित्त खवळलं. रोपांना दात लागलाय का हे बघावं असं सुचलंसुद्धा नाही. लेंड्या प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या आणि ग्रामसभेत सरपंचांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवल्या. विचारलं, या कोणाच्या मेंढरांच्या.

तो आपणहून उभा राहिला. म्हणाला, "माज्या."

मी बोलायला लागले ते थांबेचना. नियम, गावाचा शब्द, पाच वर्षं, कष्टानं जगवलेली झाडं. पन्नास माणसांसमोर मी त्याला चौथीतल्या पोरासारखं फैलावर घेतलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हातारी हाय घरात, बाई. अजून पंधरा दिस मिळालं असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. मग सभा रस्त्याच्या विषयाकडे वळली, मग नळाच्या. सभा संपून माझ्या चपला शोधताना माझं लक्ष गेलं, तो अजून उभाच होता. मी दुसऱ्या दारानं बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी त्याचा कळप गावाबाहेर पडला.

त्याच फाल्गुनात, होळी होऊन गेल्यावर, भर दुपारी टेकडी पेटली. कोणी बांध जाळला की कोणाची विडी पडली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तीन वर्षं न चारलेलं, न कापलेलं गवत छातीइतकं वाढून कडकडीत वाळलं होतं. जाळपट्टा नव्हताच. गाव कडुलिंबाच्या डहाळ्या आणि ओली पोती घेऊन धावलं, पण जवळ जाववेना. यजमानांनी मला दंडाला धरून मागे ओढलं, नाहीतर मी काय करत होते मला आठवत नाही. तासाभरात पुढची सगळी बाजू काळी झाली. ज्या किड्यांसाठी मी पट्टा जाळू दिला नव्हता ते सगळे गेले, आणि त्यांच्याबरोबर माझी झाडं गेली. मी राखेत बसून मोठ्यानं रडले. कोणी मला बोल लावला नाही, त्यानं आणखी रडू आलं.

ऊन उतरल्यावर मी एकटीच वळसा घालून पाठीमागे गेले, तिथलंही बघून घ्यावं म्हणून. आणि तिथे झाडं होती. आग माथ्यावरून खाली उतरली होती, थोडी आत शिरली होती आणि खायला काही नाही म्हणून विझली होती. काळ्या रंगाची कड होती आणि तिच्या पलीकडे खुरटलेलं पिवळं गवत, त्यात कंबरेएवढे कडुलिंब, हिवर, करंज, सगळे पानांसकट. मी खाली वाकले. खड्ड्यात लेंड्या होत्या, वाळलेल्या. एकाही रोपाचा शेंडा खाल्लेला नव्हता. मी तिथेच उभी राहिले, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी आष्ट्याला गेले. तो कुठे सापडेल ते मला पक्कं ठाऊक होतं. खूप वर्षांपूर्वी त्याच्या बापाला मीच आण्णांच्या नावे चिठ्ठी दिली होती, खतासाठी मेंढरं रानात बसवायला माणूस चांगला आहे म्हणून. तेव्हापासून त्यांचा कळप उन्हाळ्यात आमच्या रानात मुक्कामाला असतो. आता रान माझा भाऊ बघतो. मी गेले तेव्हा ऊस तुटलेल्या वावरात मेंढरं पसरली होती आणि हा बांधावर बसून पायातला काटा काढत होता. मला बघून घाईनं उठला. त्याला वाटलं आईचं काही बरंवाईट झालं. आधी ती भीती घालवावी लागली, मग मी टेकडीचं सांगितलं.

त्यानं पहिलं विचारलं, पाठीमागची ऱ्हायली का. राहिली म्हटल्यावर तो खाली बसला.

मी विचारलं, एकही शेंडा खाल्लेला नाही, हे कसं. तो म्हणाला, "शेरडं घरीच बांधून ठिवायचो बाई. शेरडू झाड खातंय, मेंढरू खाली मान घालून गवत खातंय. झाडाला दात लागला असता तर तुमाला तोंड कसं दावलं असतं." म्हणजे शेळ्या घरी ठेवून, दुपारी गाव जेवायला बसलं की तो चोरून वर जायचा आणि चोरी करतानासुद्धा माझी झाडं राखायचा. त्या मुक्या उन्हात त्यानं आईसाठी दिवस गोळा केले होते, एकेक दुपार करून.

तेवढ्यात भाऊ आला. वावरात पाचट पसरलेलं होतं, मेंढरं त्यातली उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी वेचत ते तुडवत होती. मी भावाला म्हटलं, आण्णांचं बरं आहे, त्यांनी कधी जाळलं नाही आणि त्यांचं काही बिघडलंही नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अगं, मेंढरं बसायची म्हणून जाळावं लागायचं न्हाई. आदी दुसऱ्या कळपांनी, मग ह्यांच्या बाच्या मेंढरांनी तुडवलं, मुतलं, तवा ते पाचट कुजायचं. न्हाईतर आण्णांनी काय केलं असतं?" मला एकदम सगळं आठवलं. उसाच्या बुडख्यात बसलेली मेंढरं, आण्णांनी मेंढपाळांना दिलेली ज्वारी, सकाळचा तो वास. हे सगळं मी बघितलं होतं. पण वडिलांचं न जाळणं तेवढं मी अभिमानानं सासरी आणलं, आणि मेंढरं माहेरीच विसरले.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, असू द्या बाई, चुकलो मीबी व्हतो. मला ते पुरेसं वाटलं नाही. मी त्याला पन्नास माणसांत उभं केलं होतं, मग माफी बांधावर कशी चालेल.

त्या पावसाळ्यात संस्थेची माणसं मोजणीला आली. तुमची निम्मी झाडं गेली, असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांच्यातल्या एका तरुण बाईंनी मला कुदळीनं गवताचं एक ठोंब उपटून दाखवलं. मुळं केवढी खोल. त्या म्हणाल्या, गवत आपला कार्बन जमिनीखाली ठेवतं, वरून आग गेली तरी तो बराचसा राहतो. असा माळ सगळाच्या सगळा झाडाखाली घालायला नको होता, हे आमच्या संस्थेचंही चुकलं. मोजणीच्या कागदावर 'झाडे वाचण्याचे कारण' असा रकाना होता. मी त्यात 'मेंढरांमुळे' असं लिहून खाली सही केली. त्यांनी नियम बदलून आणला: झाड मेंढरांच्या तोंडाच्या वर गेलं की त्या भागात मेंढरं आत, शेरडं नाही; पायथ्याचा पट्टा जाळण्याऐवजी मेंढरांकडून मुळापासून चारून घ्यायचा; माथ्यावरचं गवत गवतच ठेवायचं. झाडं कमी झाली म्हणून गावाला दुसरी टाकी मिळाली नाही. पाण्याच्या खेपा करणाऱ्या वरच्या आळीतल्या बायका त्याचा राग अजून माझ्यावर काढतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

हे मंजूर करायला ग्रामसभा भरली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, लेंड्यांच्या पिशवीपासून आण्णांच्या मेंढरांपर्यंत. जाळपट्ट्याला मीच नाही म्हटलं हेही सांगितलं, ते म्हातारे गुराखी पुढ्यात बसले होते. बोलता बोलता दिसलं की मागच्या भिंतीशी तो उभा राहिलाय. बाई उभ्या आहेत म्हटल्यावर त्याला बसवत नसावं. मी बोलायची थांबले. "बस रं बाबा," मी म्हणाले, "तुला तेव्हाच बस म्हणायला हवं होतं." कोणी हसलं नाही. तो म्हणाला, "आदी तुमी बसा, बाई." मग मी बसले, आणि मी बसल्यावर तो बसला.

त्या वर्षी तो दिवाळी करून मग खाली गेला. पाडव्याच्या दिवशी म्हातारीनं मला निरोप धाडला, चहाला या. अंगणभर मेंढरं होती आणि ती ओट्यावर बसून हाताला लागेल त्या कोकराची पाठ चाचपत होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमी डोंगर उगडलासा म्हनं. लय पुन्य लागंल. मदी दोन-तीन वर्सं गवातच न्हवतं तितं, म्हनून माझं पोरगं लवकर जायाचं." मी त्याच्याकडे बघितलं. तो दारात उभा होता. त्यानं आईला माझं नाव कधी सांगितलंच नव्हतं, दोष गवतावर घातला होता. मी तोंड उघडलं, तशी त्यानं हळूच मान हलवली, नको. मी चहा घेतला. तो फार गोड होता.

पाठीमागच्या झाडांची आता चांगली सावली पडते. दुपारी मेंढरं कडुलिंबाखाली बसतात, बायका निंबोळ्या वेचायला येतात, सीताफळं लागली की शाळेतली पोरं मला विचारून आणि न विचारता तोडतात. माथ्यावर गवत आहे आणि चंडोल अजून गातो. धूर कारखान्याचा असो की कोणाचा, आमच्या टेकडीनं त्यातला आपला वाटा उचलला आहे, असं ती मोजणीवाली बाई म्हणते, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. मला स्वतःला हिशोब एवढाच कळतो की यातलं जे वाचलं ते ज्याला मी हाकलून दिलं त्याच्यामुळे वाचलं.

म्हातारीला ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गेल्या कार्तिकात गेली. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, पण टेकडीवर अजून गवत शिल्लक होतं, म्हणून तो घरी होता.